गोळ्यांचे वाटे

गुडघा दुखायला लागला तेव्हा भगवानरावांना पहिला संशय आला तो गवंड्याचा. गच्चीच्या पायऱ्या बांधताना त्याने मुद्दाम उंची वाढवून ठेवली असणार, नाहीतर इतकी वर्षं सरळ चढणारा माणूस अचानक कठड्याला कशाला धरेल? गवंड्याला बोलावून पायऱ्या मापल्या. त्या बरोबर निघाल्या. मग संशय नव्या चपलेवर गेला, चपलेवरून कौशल्याबाईंच्या तेल चोळण्यावर आणि तिथून हवेवर. खुद्द गुडघ्यावर संशय घ्यायला त्यांना पुढं बरेच दिवस लागले, कारण गुडघा घरचा होता.

यात त्यांचा फार दोष नव्हता. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी काट्यावर आली की ड्रायव्हर खाली उतरलाय का, मागून कोणी पाय टेकून उभा आहे का, मोळीत दगड आहे का, हे बघितल्याशिवाय त्यांनी कधी पावती फाडली नाही. ऊसवाले म्हणत हा माणूस काटा मारतो, कारखानावाले म्हणत हा ऊसवाल्यांना सामील आहे. दोन्हीकडून शिव्या खाणारा माणूस चोखच असला पाहिजे, अशी भगवानरावांची स्वतःबद्दल पक्की समजूत झाली होती. निवृत्त झाल्यावर काटा सुटला, नजर सुटली नाही. ताप आला तर ते थर्मामीटर आधी कौशल्याबाईंना लावून पाहायचे, तो नीट चालतो का म्हणून.

तेलगावात या नजरेला एका बाबतीत मात्र मोठा मान होता. आखाडात बोकड पडला की वाटे घालायला भगवानरावच लागत. पळसाच्या पानांवर ते असे ढीग मांडत की मांस, हाड, काळीज, सगळं सगळ्यांना सारखं. लोक न बघता कोणताही वाटा उचलत आणि घरी जात. कारखान्याने निरोपाला दिलेल्या शालीपेक्षा भगवानरावांना हे न बघता उचलणं जास्त मोलाचं वाटे.

तर अशा या माणसाच्या एकुलत्या एका मुलीचं, मनिषाचं, लग्न ठरलं. मुलाकडच्यांचा मांजरसुंब्याच्या चौकात ढाबा. सुपारी फुटली, पेढे वाटले गेले, आणि तेवढ्यात चुलतभाऊ सुंदरराव भर बैठकीत म्हणाले, "दादा, कन्यादानाची तू काळजी करू नकू. तुझं गुडघं काय वाकत न्हाई. मी अन् मुक्ता बसतो की पाटावर."

बैठकीने माना डोलावल्या. भगवानरावांच्या तोंडातला पेढा कडू झाला. गेल्या दोन वर्षांत ते जमिनीवर बसले नव्हते. पंगतीत त्यांना खुर्ची देत आणि ती नेमकी पोरांच्या ओळीला लावत. पण लेकीचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा तर तो आपल्या हाताने द्यायचा, पाटावर मांडी घालून द्यायचा, एवढी एकच गोष्ट त्यांना या लग्नात हवी होती. आणि सुंदरने ती नेमकी हेरली होती. आधी बांध सरकवला, आता पाट सरकवायला निघाला, असं ते कौशल्याबाईंना म्हणाले.

"आवो, भावजी चांगल्या मनानं म्हनले," कौशल्याबाई म्हणाल्या.

"चांगल्या मनानं म्हनणारा भर बैठकीत म्हनत नसतो."

गावातल्या सल्ल्यांना मग ऊत आला. कोणी एरंडाची पानं बांधायला सांगितली, कोणी उंटाच्या दुधाचं नाव काढलं. वत्सलाबाई नावाच्या शेजारीण होत्या, त्यांचे स्वतःचे गुडघे असे होते की बसल्या की त्यांना उठवायला दोन सुना लागत. त्यांनी सगळ्यांत जास्त उपाय सांगितले.

अशात बीडहून डॉक्टरांची गाडी आली.

डॉक्टर म्हणजे संस्कृती मॅडम. वयाने मनिषाएवढ्याच दिसत होत्या, हीही एक शंकेचीच बाब होती. सोबत त्रिंबक नावाचा चष्मेवाला सहायक. शाळेच्या वर्गात त्यांनी सगळ्या दुखऱ्या गुडघ्यांना बाकांवर बसवलं आणि समजावून सांगितलं, की वयाबरोबर बायकांची हाडं ठिसूळ होतात, त्यावर एक गोळी देतात. त्याच गोळीने गुडघ्याची झीज थांबते का, यावर संशोधन चाललंय.

"म्हंजी थांबती का न्हाई ते तुमाला ठावं न्हाई?" भगवानरावांनी विचारलं.

"नाही काका. म्हणून तर अभ्यास."

"डाक्टर असून ठावं न्हाई," भगवानराव मागे वळून वर्गाला म्हणाले. त्यांना वाटलं इथेच सोक्षमोक्ष लागला. पण लोक ऐकायच्या तयारीत नव्हते, कारण तपासण्या फुकट होत्या, गोळ्या फुकट होत्या आणि बीडला यायचं-जायचं भाडंही मिळणार होतं. भगवानरावांना या तिन्ही गोष्टी एकाहून एक संशयास्पद वाटल्या. त्याहून संशयास्पद म्हणजे मॅडम म्हणाल्या, नको वाटलं तर कधीही बाहेर पडा, कोणी अडवणार नाही. सही घेऊन आत घातलेल्या माणसाला सुखासुखी बाहेर सोडणारी जागा भगवानरावांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

पण पाट डोळ्यांपुढं होता. त्यांनी सही केली. संमती मोबाइलच्या कॅमेऱ्यात घ्यायची होती, तेव्हा त्यांनी केस विंचरले, टोपी सरळ केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मी भगवानराव, पूर्ण शुद्धीवर हाय. पुढं काय झालं तर हे ध्यानात ठिवा." सुंदररावांनीही सही केली. त्यांचेही गुडघे कुरकुरत होते. सही करून झाल्यावर त्यांनी त्रिंबकच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं, आणि सांगताना डोळे भगवानरावांकडे होते. हे भगवानरावांनी टिपून ठेवलं.

खरा घोळ त्यानंतर झाला. मॅडम म्हणाल्या, निम्म्या लोकांना औषधाची गोळी मिळेल आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी पण पोकळ, म्हणजे औषध नसलेली. कोणाला कोणती हे लोकांना कळणार नाही, आणि "मलाही कळणार नाही. सगळं कॉम्प्युटर ठरवतो."

भगवानराव उठले, म्हणजे बाक धरून उठले.

"म्याडम, आमी काट्यावर जन्म काढला. गाडीत काय हाय ते काटेवाल्यालाच ठावं न्हाई, असं कुठं असतं व्हय?"

मॅडमनी परत समजावलं. आपली गोळी कोणती ते कळलं, की मन फितूर होतं, दुखत असून बरं वाटतं, म्हणून कोणालाच कळू द्यायचं नसतं. भगवानरावांनी मान डोलावली, पण ती न पटल्याची होती.

गोळीचे नियमही विचित्र. सकाळी उपाशीपोटी, तांब्याभर पाण्याबरोबर घ्यायची, चहा नाही. वर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. भगवानराव तो अर्धा तास ओसरीवर खुर्चीत बसून काढत आणि रस्त्याकडं बघत. रस्त्यावरून सुंदरराव जात. आडवं व्हायचं नाही म्हणून ते अर्धा तास फिरत, मारुतीच्या देवळापासून फाट्यापर्यंत. आधी हळू, मग महिन्याभरात ताडताड.

"गुण हाय हां, दादा, गोळीला!" ते रस्त्यावरून ओरडत.

भगवानरावांच्या गुडघ्याला मात्र म्हणावा तसा फरक नव्हता. थोडा होता, पण तो ते मोजत नव्हते, कारण सुंदरचा जास्त होता. आता चित्र स्वच्छ झालं. त्रिंबकच्या कानात जे गेलं ते हेच. सुंदरला खरी, आपल्याला पोकळ.

त्यांनी गोळी चाटून पाहिली. पाण्यात टाकून पाहिली. कौशल्याबाईंना वास घ्यायला लावलं. गावभर मग हाच उद्योग सुरू झाला. कडू लागते ती खरी असं कोणी म्हणालं. वत्सलाबाईंना ती गोड लागली आणि त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. रामकिसन म्हणून एक होता, त्याने तर कहर केला. स्वतः गोळी घ्यायची भीती वाटली म्हणून तो ती लंगडणाऱ्या म्हशीला पेंडीतून देत होता. म्हैस नीट चालायला लागली. लोक त्या म्हशीला बघायला गेले आणि रामकिसनच्या वाट्याला खरी गोळी आल्याचा निवाडा झाला. ज्याला खरी मिळाली त्याने ती म्हशीला घातली, यावरून पारावर मारामारी व्हायची वेळ आली.

तेव्हा भगवानरावांना ती कल्पना सुचली. पुढे गावाने तिला नावं ठेवली, पण त्या दुपारी मारुतीच्या सभामंडपात सगळ्यांना ती देवानेच सुचवल्यासारखी वाटली होती.

"भांडता कावून?" ते म्हणाले. "कुणाची खरी, कुणाची पोकळ, ते बीडच्या कंपूटरला ठावं. समद्यांच्या बाटल्या एका परातीत वता. वाटे घालू. जे काय खरं हाय ते समद्यांच्या पोटात सारखं जाईल."

इतका सरळ न्याय इतके दिवस कोणाला सुचला कसा नाही, हेच मंडपाला कळेना. फक्त वत्सलाबाईंनी हरकत घेतली. त्या निम्मे दिवस गोळी विसरत, त्यामुळे त्यांची बाटली भरलेली होती आणि त्यांना वाटा मोठा हवा होता. रामकिसनची रिकामी होत आली होती, तरी त्याला बरोबरीचा हवा होता, कारण म्हशीने खाल्लं ते त्याच्या नावावर कसं धरायचं? शेवटी ठरलं, सगळ्यांना सारखं.

सुंदरराव चटकन तयार झाले. हे भगवानरावांना खटकलं. ज्याच्याकडं खरी आहे तो इतक्यात कबूल कसा झाला? बाटली परातीत ओतताना सुंदररावांचा एक हात बंडीच्या खिशात गेल्याचंही त्यांनी पाहिलं. पण बोलले नाहीत. बोलले असते तर सगळाच डाव मोडला असता.

खताची रिकामी गोणी अंथरली. भगवानराव खुर्चीत बसले, गोणी समोर बाकावर घेतली आणि पांढऱ्या गोळ्यांचे ढीग मांडायला लागले. कित्येक दिवसांनी त्यांना आपण कोणीतरी असल्यासारखं वाटलं. लोकांनी न बघता वाटे उचलले, आपापल्या बाटलीत भरले आणि घरी गेले.

पुढच्या तपासणीला सगळे काळीपिवळी जिपांत बसून बीडला गेले. उरलेल्या गोळ्यांसकट बाटल्या परत द्यायच्या होत्या. वाटे घातले त्याच दिवशी एक ठराव झाला होता, की आता कोणी विसरायचं नाही, रोज एक म्हणजे एक, आणि म्हशीला बंद. गावाने तो कसोशीने पाळला होता.

त्रिंबकने पहिली बाटली तबकडीत ओतून मोजली. दुसरी मोजली. तिसरीपाशी त्याने चष्मा पुसला. चौथी मोजून तो आत गेला आणि मॅडमना घेऊन आला.

"सगळ्यांच्या सारख्याच उरल्यात, मॅडम. एका गोळीचासुद्धा फरक नाही. असं कधी होत नाही."

भगवानरावांना वाटलं आपलं कौतुक चाललंय. ते जरा ताठ बसले. तेवढ्यात त्यांची बाटली आली. त्रिंबकने मोजली, परत मोजली.

"यांच्यात मात्र मूठभर जास्त आहेत."

भगवानरावांनी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, फक्त आपण घातलेल्या आपल्या वाट्यावर घेतला नव्हता. बाटलीत किती गोळ्या आहेत हे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

"काटा मारला!" रामकिसन ओरडला. "वाटं घालताना यानं काटा मारला!"

"कसले वाटे?" मॅडमनी विचारलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. परात, गोणी, म्हैस, सगळं बाहेर आलं. मॅडम खुर्चीत बसल्या.

"सगळ्यांच्या गोळ्या... एकत्र केल्या?"

"परात घासून घेतलती, म्याडम," वत्सलाबाईंनी धीर दिला.

"काका, आता कोणी काय खाल्लं हे कोणालाच, कधीच कळणार नाही!"

"आधी तरी कुठं कळत व्हतं?" भगवानराव म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

तेलगाव अभ्यासातून बाद झालं. मॅडमना राग आला होता, तरी त्यांनी एकेकाची नीट तपासणी केली, कोणाला अपाय झाला नाही ना ते पाहिलं. भगवानरावांना त्यांनी मांडीचे व्यायाम दाखवले. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, परत हळूच बसायचं. "लग्न आहे ना मुलीचं? मग रोज करा. गोळ्या असोत नसोत."

परतीच्या गाडीत त्यांच्याशी कोणी बोललं नाही. आठवड्याने रामकिसनच्या नातवाचं जावळ होतं. बोकड पडला आणि वाटे घालायला पहिल्यांदाच दुसऱ्या माणसाला बोलावलं. भगवानरावांचा वाटा घरपोच आला. पान उघडून बघितलं तर नुसती हाडं. भगवानरावांनी पान परत मिटलं. गुडघ्याचं दुखणं निराळं होतं, ते दाबता तरी येत होतं. हे दाबता येईना.

मग ते काठी घेऊन सुंदररावांच्या घरी गेले. बंडीच्या खिशातला हात त्यांना आठवत होता. आपल्याला गावात चोर ठरवायचं, म्हणजे पाटावर बसायला वाट मोकळी, असा सरळ हिशेब होता.

"माझ्या बाटलीत गोळ्या तूच टाकल्यास," ते दारातूनच म्हणाले.

"व्हय. मीच," सुंदरराव म्हणाले.

भगवानरावांची पुढची सगळी वाक्यं वाया गेली.

"मी सांगत व्हते, नका करू म्हून," आतून मुक्ताबाई म्हणाल्या.

"माझी खरी व्हती, दादा. मला गुण आलता, तू बघत व्हतास की. वाट्यात गेल्या असत्या तर तुझ्या पदरात किती आल्या असत्या? म्हून मूठभर ठिवल्या अन् लग्नाच्या याद्या करायला आलतो तवा फळीवरच्या तुझ्या बाटलीत टाकल्या. मोजतील असं वाटलं न्हाई."

"कावून? पाटावर तर तुला बसायचं व्हतं."

सुंदरराव जमिनीकडं बघत म्हणाले, "व्हतंच. मला कुठं लेक हाय? पर मनी आली माझ्याकडं. म्हनली, काका, तुमी राग धरू नका, पर आमच्या आण्णाला बसू द्या. मंग काय करनार?"

भगवानराव उभ्या उभ्या काठीवर वाकले. इतक्या वर्षांत या माणसाच्या प्रत्येक शब्दाखाली त्यांनी दगड शोधला होता. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं दिसू नये म्हणून त्यांनी मुक्ताबाईंकडं चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सुंदररावांनी पारावर सगळं सांगून टाकलं. निम्म्या लोकांनी मान्य केलं. उरलेल्यांचं मत पडलं की आता हे दोघे भाऊ सामील झालेत.

भगवानराव व्यायामाला लागले. गोळ्या बंद, पाला खोटा, तेल पातळ. खुर्चीतून उठण्या-बसण्यात मात्र कोणाला भेसळ करता येण्यासारखी नव्हती. कौशल्याबाई समोर उभ्या राहत आणि हात टेकला की ओरडत. खुर्चीवरून बुटक्या स्टुलावर, स्टुलावरून चौरंगावर असे ते उतरत गेले.

हळदीच्या दिवशी मांडवात गडबड चालली असताना त्रिंबकचा फोन आला. आता तुम्ही अभ्यासात नाही, तेव्हा कोणाला काय मिळालं होतं ते सांगायला वरून परवानगी आलीये.

"तुमची खरी होती, काका."

भगवानराव खांबाला टेकले. म्हणजे खरी गोळी आपल्याकडं होती आणि आपणच ती गोणीवर मांडून गावभर वाटली.

"आणि सुंदररावांचा फोन बंद लागतो, तेव्हा त्यांचंही तुम्हालाच सांगतो."

"चोर फोन करून पैसं काढत्यात म्हून तो बंदच ठिवतो. पर त्याचं मला कावून सांगता?"

"नात्याचा माणूस म्हणून त्यांनी तुमचाच नंबर लिहून दिलाय. काहीही असलं तरी दादाला सांगा, लपवू नका, असं त्या दिवशी मला कानात सांगितलं होतं. त्यांची पोकळ होती."

समोर सुंदरराव मांडवाची दोरी ओढत होते, कोणावर तरी ओरडत होते, आणि दोन्ही गुडघ्यांवर भक्कम उभे होते. भगवानरावांनी फोन खिशात टाकला.

लग्न लागलं. कन्यादानाला पाट मांडले. सगळा मांडव त्या दोन गुडघ्यांकडं बघत होता. रामकिसन तर पुढं येऊन उभा राहिला. भगवानरावांनी कौशल्याबाईंचा हात धरला, गुडघा कटकन वाजला, तो मांडवाने ऐकला, आणि ते बसले. अर्धीमुर्धी का होईना, मांडी घातली. मनिषाचा हात त्यांच्या हातात आला. पाण्याची धार सोडताना त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

उठताना मात्र काही केल्या उठता येईना. मागून सुंदररावांनी काखेत हात घालून त्यांना उचललं आणि उचलता उचलता कानाशी म्हणाले, "बसलास का न्हाई, दादा? सांग आता, कुणाच्या गोळीनं?"

सगळ्या नोकरीत भगवानरावांनी खोटं वजन कधी सोडलं नव्हतं. मंत्र्याच्या पाहुण्याची गाडी आली तरी सोडलं नव्हतं.

"तुझ्याच," ते म्हणाले.

सुंदररावांचे हात तसेच थांबले. त्यांनी डोळे बारीक केले आणि भावाच्या तोंडाकडं निरखून पाहिलं.

"तू इतक्यात कबूल कसा झालास?"